तीनशे रुपयांचा शेपू

सोमवार, दुपारचा दीड. ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सहा डबे एकदम उघडतात आणि त्यातल्या चार डब्यांत पाला असतो. हो, पालाच! लेट्यूस, काकडी, चेरी टोमॅटो, कुणाच्या तरी डब्यात वर भुरभुरलेले दाणे. जानेवारीत एकीने वजनाचा संकल्प सोडला आणि बघता बघता त्याची साथ पसरली. डाएटचं असंच असतं, ऑफिसात एकाला झालं की सगळ्यांना होतं.

आता खरं सांगू? नुसता पाला मला जात नाही. मी भाकरी-कालवणावर वाढलेली मुलगी. पण ग्रुपमध्ये राहायचं तर डबा मॅच व्हायला हवा ना! तर मी आपली रोज काकडी चावत बसायचे. मग एके दिवशी शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीने बॅगेतून एक बाटली काढली. पांढरट, दाटसर सॉस आणि त्यात हिरवे ठिपके. ''रँच ड्रेसिंग. ट्राय कर,'' ती म्हणाली आणि चमचाभर माझ्या डब्यात ओतलं.

पुढच्या पाच मिनिटांत डबा साफ! आंबटसर, खारट, लसणीचा हलकासा झटका आणि मागे राहणारा कसला तरी हिरवा वास. वास ओळखीचा होता. पण कुठला, ते काही केल्या आठवेना.

त्याच संध्याकाळी वाशीच्या एका मॉलमधून मी तशीच बाटली घेतली. तीनशे रुपये. बिल देताना जरा जड गेलं, पण मनाला समजावलं, महिन्याला एक पिझ्झा कमी खाल्ला की वसूल. ती बाटली तीन आठवड्यांत संपली. मग दुसरी. तिसरी माझ्या कोपरखैरणेच्या भाड्याच्या घरात फ्रिजच्या दारात उभी होती, तेव्हा अण्णा आले.

'हे गुरांना का मला?'

अण्णा म्हणजे माझे वडील. जुन्नर तालुक्यात आमची थोडी शेती आहे. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, म्हणून ते पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे आले. आई गावीच राहिली, कारण गायींना सुट्टी नसते. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत अण्णांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ''मीठ कमी करा. लोणचं, पापड बंद. कच्च्या भाज्या वाढवा.''

झालं! मी लगेच त्या रात्री मोठ्या उत्साहात सॅलडचा बोल अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी तो बोल चारही बाजूंनी न्याहाळला. ''हे गुरांना घालायचं का मला?''

मी हसून फ्रिजमधली बाटली आणली आणि त्यावर सढळ हाताने ड्रेसिंग ओतलं. अण्णांनी आधी बोटाने चाखलं. मग डोळे बारीक करून थोडं थांबले.

''ताकात शेपू कालवलाय की गं.''

''अण्णा, ते अमेरिकन आहे.''

''असंल. शेपू तो शेपूच.''

मी बाटली फिरवून बघितली. घटकांच्या यादीत बटरमिल्क होतं, म्हणजे ताक. लसूण होती, कांदा होता. आणि 'डिल' होतं. डिल म्हणजे? मोबाइलवर शोधलं. डिल म्हणजे शेपू! ज्या शेपूच्या भाजीचं नाव काढलं की मी लहानपणी ताटावरून उठायचे, तोच शेपू मी गेले दोन महिने पैसे मोजून खात होते. आम्ही दोघंही खूप हसलो.

''केवढ्याला पडली?'' अण्णांनी सहज विचारलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ''ऑफिसात मिळाली. फुकट.''

''बरंय मग,'' अण्णा म्हणाले आणि जेवू लागले.

शेकडा दीडशे

मी खोटं का बोलले? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२०१३ साल. माझी बारावी झाली होती, इंजिनीअरिंगला नंबर लागला होता. अण्णांनी अर्धा एकर कोथिंबीर आणि बांधाच्या कडेच्या चार वाफ्यांत शेपू टाकला होता. फंडा सिंपल होता. कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत निघते, पावसात ती सडते म्हणून बाजारात कमी पडते, मग भाव मिळतो आणि फी भरता येते. पण त्या वर्षी हाच हिशेब आजूबाजूच्या सगळ्यांनी केला होता. सगळ्यांचा माल एकदम आला आणि भाव कोसळला.

पालेभाजीचा भाव शेकड्यावर चालतो, म्हणजे शंभर जुड्यांना किती. अण्णांचा पहिला टेम्पो मुंबईला गेला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी आली. पट्टी म्हणजे आडत्याने माल विकून पाठवलेली हिशेबाची चिठ्ठी. भाव होता शेकडा दीडशे. एका जुडीला दीड रुपया! त्यातून भाडं, हमाली, तोलाई आणि आडत वजा. (तेव्हा आडत शेतकऱ्याच्या पट्टीतूनच कापली जायची, ती खरेदीदाराकडून घ्यायची हा निर्णय २०१६मध्ये झाला.) जुड्या बांधणाऱ्या बायकांची मजुरी खिशातून द्यावी लागली.

आमच्या घरात एक पद्धत होती. पट्टी आली की अण्णा ती मोठ्याने वाचायचे आणि देवघरातल्या फळीवर ठेवायचे. चांगली असो, वाईट असो. त्या दिवशीही त्यांनी ती वाचली. दुसरा टेम्पो पाठवलाच नाही. उरलेल्या कोथिंबिरीवर रोटाव्हेटर फिरवला आणि शेपू कापून गायींना घातला. पुढचे दोन-तीन दिवस आमच्या घरातल्या दुधाला, दह्याला, ताकाला शेपूचा वास येत होता. मी नाक दाबून ताक प्यायचे.

लक्षात आलं ना? कॅन्टीनमध्ये त्या पहिल्या चमच्याला जो वास ओळखीचा वाटला होता, तो हा होता.

माझ्या पहिल्या वर्षाच्या फीचे पैसे अण्णांनी कुठून आणले, ते मी आजवर विचारलेलं नाही. आणि आता मी त्यांच्यासमोर बसून सांगू, की ताकात कालवलेल्या शेपूची ही एक बाटली तीनशेला आणली? दोनशे जुड्यांची एक बाटली? जीभच वळेना.

रँचची कुंडली

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी या रँचची कुंडली मांडली. कहाणी मस्त आहे. स्टीव्ह हेन्सन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घ्यायचा आणि कामगारांना जेवणही करून घालायचा. तिथे ताक, मेयोनेज, लसूण, कांदा आणि सुकवलेला पाला वापरून त्याने हे ड्रेसिंग जमवलं. १९५४मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने कॅलिफोर्नियात सान्ता बार्बराजवळ एक रँच, म्हणजे राहण्या-जेवणाची सोय असलेलं शेत घेतलं. त्याला नाव दिलं 'हिडन व्हॅली'. पाहुणे जेवायला यायचे आणि जाताना ड्रेसिंग मागायचे. मग त्याने कोरड्या मसाल्याची पाकिटं करून पोस्टाने विकायला सुरुवात केली. पाकीट घ्या, घरचं ताक आणि मेयोनेज घाला, झालं ड्रेसिंग! १९७२मध्ये क्लोरॉक्स कंपनीने हा ब्रँड ८० लाख डॉलरना विकत घेतला. घरात ताक न घुसळता थेट ओतता येणारी बाटली त्यानंतर काही वर्षांनी आली.

म्हणजे मुळात हा शेतावरचाच पदार्थ! आणि आम्ही तर शेतावरचीच माणसं. मग बाटली कशाला?

आणखी एक गोष्ट केली. बाटलीवरचं मिठाचं प्रमाण वाचलं. डॉक्टरांनी लोणचं बंद केलं होतं आणि मी त्याच्या जागी हे ओतत होते. लाज वाटली. तेव्हाच ठरवलं, हे घरी करायचं.

पहाटे तुर्भ्याला

शनिवारी पहाटे अण्णांनीच मला उठवलं. ''पाला घ्यायचाय ना? मग बाजारात चल.'' कोपरखैरणेहून रिक्षाने तुर्भ्याचा बाजार फार लांब नाही, पण एवढी वर्षं नवी मुंबईत राहून मी तिथे कधी गेले नव्हते. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून तुर्भे दिसतं, तेवढीच ओळख.

तुम्हीही गेला नसाल तर एकदा जाच. आपण नाइट शिफ्टवरून परततो, तेव्हा तिथे दिवस अर्धा झालेला असतो. ट्रक रिकामे होत असतात, माथाडी कामगार डोक्यावर पोती घेऊन धावत असतात आणि ओल्या पाल्याचा वास नाकात भरतो. अण्णा सांगत होते, ते तरुण होते तेव्हा माल भायखळ्याला जायचा. भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६मध्ये इकडे आला. ''पहिल्या खेपेला डायवरलाच रस्ता गावंना,'' ते म्हणाले.

घाऊक गाळ्यावर एक जुडी कोण देणार? बाहेर बसलेल्या एका मावशींकडून आम्ही कोथिंबीर, पुदिना, शेपू आणि पातीचा कांदा घेतला. अण्णांनी प्रत्येक जुडी उलटी करून देठ बघितले. ''देठ पिवळा म्हणजे काल रात्रीचा माल नाही. मधे हात घाल, गरम लागली तर आतून सडायला लागली.'' हे कुठल्याही फूड शोमध्ये सांगत नाहीत, लिहून ठेवा.

मावशींनी भाव सांगितला. मी सवयीने म्हटलं, ''दहाला द्या ना.'' अण्णांनी माझ्याकडे फक्त बघितलं आणि मावशींनी सांगितले तेवढे पैसे दिले.

प्रयोग एक, प्रयोग दोन

पहिला प्रयोग साफ फसला. मी दही, पाला, लसूण, मीठ सगळं मिक्सरमध्ये टाकलं आणि फिरवलं. हाती काय आलं? हिरवं ताक! बोलच्या तळाशी तळं आणि काकडी त्यात पोहतेय. अण्णांनी ते वाटीत घेऊन शांतपणे पिऊन टाकलं. ''चांगलंय. फक्त हे प्यायचं आहे.''

चूक कळली. अमेरिकेतलं दुकानातलं बटरमिल्क विरजण लावून दाट केलेलं असतं, आपल्या ताकासारखं पातळ नसतं. दाटपणा हवा तर दही टांगायला हवं. म्हणजे चक्का! श्रीखंडाला लागतो तोच. आणि हा चक्काही मिक्सरमध्ये घालायचा नाही. पात्याखाली त्याची घडी मोडते आणि तो पाणी सोडतो. पाला वेगळा वाटायचा आणि चक्क्यात हाताने कालवायचा.

दुसऱ्या दिवशी लसणीने घात केला. सकाळी केलेलं ड्रेसिंग संध्याकाळपर्यंत नुसतं लसूण-लसूण झालं. लसूण ठेचली की तिचा तिखटपणा तयार व्हायला लागतो. पण आंबटात ठेचली तर ती प्रक्रिया मंदावते. म्हणून लसूण आता मी लिंबाच्या रसातच किसते. फरक बघाच.

तिसरी गोष्ट रंगाची. कोथिंबिरीचा हिरवा रंग आंबटाला भितो. आंबटात राहिला की हिरव्याचा मळकट शेवाळी होतो. म्हणून पाला अगदी शेवटी घालायचा आणि दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच करायचं. बाटलीतला पाला सुकवलेला असतो, म्हणून तो महिनोन्‌महिने टिकतो.

आणि मेयोनेज? बाजारच्या ड्रेसिंगचा मऊपणा त्यातल्या तेलातून येतो. घरी मेयोनेज करायचं तर कच्चं अंडं आलं. ऑपरेशनच्या तोंडावर अण्णांना ते द्यायची माझी हिंमत नव्हती. त्याऐवजी भिजवलेले काजू वाटून घातले. तिसऱ्या प्रयोगाला अण्णा काही बोलले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडला, त्यात बुडवला, आणि मग दुसरा मोडला.

घरच्या घरी

साहित्य : अर्धा किलो दाट, ताजं दही, आठ-दहा काजू, अर्धी वाटी कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, दोन मोठे चमचे शेपूची फक्त पानं, आठ-दहा पुदिन्याची पानं, एका पातीच्या कांद्याची हिरवी पात, लसणीची एक छोटी पाकळी, अर्धं लिंबू, मिरपूड, चिमूटभर मीठ, पातळ करायला थोडं ताक.

कृती : दही सुती फडक्यात बांधून चार-पाच तास चाळणीवर ठेवा, खाली भांडं आणि सगळं फ्रिजमध्ये. साधारण पाव किलो चक्का मिळेल. खाली जमलेलं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला वापरा. काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गुळगुळीत वाटा. लसूण लिंबाच्या रसात किसून दहा मिनिटं ठेवा. पाला धुऊन अगदी कोरडा करा आणि सुरीने बारीक चिरा किंवा मिक्सरमध्ये दोनदाच फिरवा. आता चक्का चमच्याने फेटा. काजू, लसूण-लिंबू, मिरपूड, मीठ आणि शेवटी पाला कालवा. हवं तेवढं ताक घालून सैल करा. अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू द्या, मगच मीठ पुन्हा चाखा. बहुतेक वेळा वाढवावं लागत नाही.

टिप्स : काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावू नका, पाणी सुटतं. पानं ओली असतील तर ड्रेसिंग चिकटत नाही, घसरतं. डब्यात नेताना ड्रेसिंग वेगळ्या छोट्या डबीत न्या. आणि आपला शेपू तिकडच्या डिलपेक्षा जरा उग्र असतो, तेव्हा पहिल्यांदा हात आखडताच ठेवा.

सगळा खर्च शंभराच्या आत बसतो आणि तिघा-चौघांना दोन दिवस पुरतं.

पट्टी

अण्णांचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली, थेंब सुरू झाले. आठ-दहा दिवसांनी, गावी परतायच्या आदल्या संध्याकाळी ते किचनमध्ये उभे राहून नव्या डोळ्याची परीक्षा घेत होते. समोरच्या बिल्डिंगवरचं नाव वाचलं. कॅलेंडरवरची तिथी वाचली. मग वाचायचा चष्मा लावला आणि ओट्यावरची ती बाटली उचलली. आतलं अमेरिकन केव्हाच संपलं होतं. मी ती धुऊन त्यात घरचं ड्रेसिंग भरून ठेवलं होतं, अण्णांबरोबर आईसाठी पाठवायला. लेबल मात्र तसंच होतं. ते काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

''एम. आर. पी.,'' अण्णांनी मोठ्याने वाचलं, ''रुपये तीनशे.''

अगदी पट्टी वाचायचे त्याच आवाजात.

मी चहाचं भांडं तसंच धरून उभी. ''अण्णा, ते फुकट नव्हतं मिळालं. मी विकत आणलं होतं. तीन वेळा.''

''मग सांगायचं ना.''

''तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं. ती २०१३ची पट्टी…''

अण्णांनी बाटली खाली ठेवली. ''तू कमावतीस, तू खर्च. तीनशेची आण न्हाय तर पाचशेची आण. त्याचं काय न्हाय. पण पट्टी लपवायची नसती. आपण लपवली का कधी?''

नव्हती लपवली. दीडशे शेकड्याचीसुद्धा नाही. मीच तेव्हा ती ऐकायला नको म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसले होते. ते आता त्यांना सांगितलं. ''म्हाईत हाये,'' अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, चहा घेता घेता मी विचारलं, की फीचे पैसे त्या वर्षी कुठून आणले होते. त्यांनी सांगितलं. ते आमच्या घरातलं आहे, इथे लिहीत नाही. पण एकेक आकडा त्यांना पाठ होता.

सकाळी अण्णांना एसटीत बसवून दिलं. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात दिली होती, गावी पोचेपर्यंत टिकावी म्हणून. ऑफिसात लंचला मी घरचं ड्रेसिंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. मैत्रीण म्हणाली, ''वॉव, कुठल्या ब्रँडचं?'' मी म्हटलं, ''शेपू, ताक आणि लसूण.'' एकीने नाक मुरडलं. त्याच एकीने सगळ्यात जास्त खाल्लं, हे सांगायला नकोच.

दुपारी आईचा फोन आला.

''काय गं, ताकात शेपू घालून पाठवलायस?''

''कसं लागलं?''

''बरं लागतंय. तुझ्या अण्णांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.'' मग जरा थांबून आई म्हणाली, ''आता दिवाळीला आलीस की शेपूची भाजी करते. उठ बघू ताटावरून!''